शेरेबुकातले गुलगुले

माझ्या धाकट्या जावेचा फोटो पेपरात आला, त्या दिवशी माझ्या छातीत जळजळ झाली. घरात मी पित्ताचं सांगितलं आणि थंड दूध पिऊन पडून राहिले. पित्त नव्हतं. मी मुलींच्या एका कॉलेजात कित्येक वर्षं आहारशास्त्र शिकवते, पित्त कशाला म्हणतात ते मला कळतं.

फोटोत ती शाळेच्या कॅन्टीनसमोर उभी होती. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात एप्रन, मागे लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन पट्ट्यांचा फलक. शाळेच्या आवारात तळलेलं, फार गोड, फार खारट काही विकायचं नाही, असा शासनाचा आदेश आला तेव्हा बहुतेक कॅन्टीनवाल्यांनी कपाळाला हात लावला होता. हिनं सामोसे आणि रंगीत सरबतं बंद केली, धपाटी आणि मुगाची धिरडी सुरू केली, आणि पोरांची रांग कमी व्हायच्या ऐवजी वाढली. ‘चिकलठाण्यातलं आदर्श कॅन्टीन’ असा मथळा होता. आमच्या ह्यांनी ते कात्रण फ्रिजला चिकटवलं, म्हणजे दूध काढायला गेलं तरी तीच दिसणार. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना कौतुकाचं भरतं आलं. मीही लिहिलं, ‘अभिनंदन’, आणि पुढे दोन फुलं टाकली. दुसरं फूल टाकायला मला बराच वेळ लागला.

हेवा एका दिवसात तयार होत नाही. माझा तर चांगला मुरलेला होता. आमचं सासर शेंद्र्याचं. थोडी जमीन आहे, पण दीर आता तिथल्याच कंपनीत कामाला जातात, आणि आम्ही नोकरीमुळे शहरात राहतो. मी थोरली सून, एम.एस्सी. झालेली. जाऊ आली ती चितेगावकडची, दहावीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर पहिल्याच सणाला तिनं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं येसर घालून आमटी केली आणि सासूबाईंनी वाटी पुढे करून म्हटलं, “आणखी वाढ गं.” मी त्या घरात आल्यापासून माझ्याकडे कुणी आणखी मागितल्याचं मला आठवत नव्हतं. माझ्या हातचं लोक संपवतात. तिच्या हातचं मागून घेतात.

माझ्या घरातही तेच. मी ताटात प्रथिनं, लोह, तंतू सगळं हिशोबानं बसवते आणि माझा नवरा त्या ताटाकडे डॉक्टरच्या चिठ्ठीकडे बघावं तसं बघतो. मुलगी आता पुण्यात असते. फोनवर मला विचारते, “काकू धपाट्यात काय घालते गं?” मी सांगितलं, तीळ आणि ओवा. “नाही, अजून काहीतरी घालते,” ती म्हणाली. माझी पदवी माझ्याच पोरीला पुरेना, याचा मला जो राग आला तो मी तिच्यावर काढला नाही. जावेच्या नावावर मांडून ठेवला.

एकच गोष्ट माझी तिच्यापेक्षा वरचढ होती, आणि ती म्हणजे अक्षर. बचत गटातर्फे तिला शाळेचं कॅन्टीन मिळालं, तेव्हा ती रिक्षा भरून डबे घेऊन माझ्याकडे आली होती. पांढऱ्या पट्ट्या कापून मी त्यांवर मार्करनं लिहून दिलं: मूग, मटकी, हरभरा, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, गूळ. ती शेजारी उभी राहून बघत होती. “छापल्यावाणी हाय, ताई,” ती म्हणाली. तिनं कौतुक केलं की मला वाटायचं, हिच्याकडे इतकं आहे की वाटायलाही उरतं. तरी त्या दिवशी मी पट्ट्या जरा जास्तच मन लावून लिहिल्या.

मग आदेशाच्या मूल्यमापनाचं काम आमच्या कॉलेजकडे आलं. आदेश निघून काही काळ झाला होता. तो शाळांमध्ये पाळला जातो का, आणि त्यानं पोरांच्या खाण्यात काही फरक पडतो का, हे बघायचं होतं. आम्हा चारपाच प्राध्यापिकांना शाळा वाटून दिल्या. प्रत्येकीबरोबर एक तरुण मदतनीस, बऱ्याच पानांचा एक फॉर्म, एक वजनकाटा. फॉर्म मीच तयार केला होता, निदान अर्धा तरी. शेवटी श्रेणी द्यायची: हिरवी, पिवळी किंवा लाल. हिरवी मिळाली तर कॅन्टीन आहे त्याच माणसाकडे पुढे चालू राहणार. लाल मिळाली तर शाळेनं दुसरी सोय बघायची, असं वरून ठरून आलं होतं.

शाळांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चिकलठाण्याची ती शाळा माझ्या चिठ्ठीत आली. फॉर्मच्या पहिल्या पानावर प्रश्न होता, ‘तपासणाऱ्याचे कॅन्टीनचालकाशी नाते आहे काय?’ मी ‘नाही’वर खूण केली. कॅन्टीन बचत गटाच्या नावावर आहे आणि गट काही माझी जाऊ नाही, अशी मी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला ते आदर्श कॅन्टीन एकदा उलटंपालटं करून बघायचं होतं. कुठेतरी शिळं तेल असेल, कुठेतरी पिठात अळी असेल. फोटोत सगळंच चांगलं दिसतं.

त्याआधी आम्ही बऱ्याच शाळा केल्या होत्या, आणि प्रत्येक शाळेत एकच प्रकार. पोरांनी तेलकट आणि गोड खाऊ नये हे तपासायला पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांना साधी उसळ कशी द्यायची, असा शाळेला प्रश्न पडायचा. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत सामोसे यायचे, जिलेबी यायची, साखर टाकून टाकून केलेला चहा यायचा. एका ठिकाणी तर मिठाईच्या दुकानातून इमरती मागवली होती. नको म्हटलं तर लोकांचा चेहरा पडायचा. माझी मदतनीस मुलगी हसून म्हणायची, “मॅडम, या सर्वेक्षणात माझंच वजन वाढणार.” आम्ही खायचो, पाणी प्यायचो आणि फॉर्म भरायचो. त्या सामोशांची नोंद आम्ही एकदाही केली नाही.

चिकलठाण्याच्या शाळेत आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे वर्ग चालू होते. जालना रोडवरून कंपन्यांच्या बसेस जात होत्या, वरून एक विमान अगदी खालून गेलं, पण सवयीनं फाटकावरच्या शिपायानं वर बघितलंही नाही. जाऊ कॅन्टीनच्या दारात उभी होती. मला बघून तिचा चेहरा फुलला, पण बरोबर परकी मुलगी दिसताच तिनं हात जोडले. “या मॅडम, बसा. दमला असताल,” ती म्हणाली. मी ओळख दाखवत नाही हे तिनं एका नजरेत ओळखलं आणि ते सांभाळूनही घेतलं. मला त्याचाही राग आला. मी लपवत होते, आणि लपवण्यातसुद्धा ही माझ्यापेक्षा हुशार निघाली होती.

मी तपासायला सुरुवात केली. तेल विचारलं. धपाटी-धिरड्यांपुरतं लागतं, ते रोज ताजं. मीठ विचारलं. तिनं मापाचा चमचा दाखवला. पाण्याचं यंत्र, हात धुवायची जागा, कचऱ्याचा डबा, नखं, केस, सगळं बघितलं. पिठाच्या डब्यात हात कोपरापर्यंत घातला. अळी नव्हती. फळीवर डबे ओळीनं लावलेले होते आणि प्रत्येकावर माझं अक्षर होतं. मूग, मटकी, हरभरा. मी खोट शोधत होते आणि भिंतीवरून माझंच अक्षर माझ्याकडे बघत होतं.

सुट्टी झाली तशी पोरं धावत आली. कुणी कुरमुऱ्यांचा सुशीला घेतला, कुणी धपाटं आणि दही, कुणी उकडलेल्या हरभऱ्यांवर कांदा-टोमॅटो. “काकू, और एक दो ना,” म्हणून एक मुलगी ताटली पुढे करून उभी राहिली. जावेनं तिच्या ताटलीत आधी काकडी वाढली आणि मग धिरडं. “काकडी संपली की तिसरं,” ती म्हणाली. पोरगी काकडी कुरतडत बाजूला गेली. मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढून सांगते की मुलांच्या पोटात भाजी कशी जाईल. हिनं ते एका वाक्यात केलं. रांग संपली तेव्हा माझी मदतनीस उष्ट्याचं वजन करायला गेली आणि रिकामी परात घेऊन आली. “मॅडम, काहीच नाही,” ती म्हणाली. तिनं स्वतःही दोन धिरडी खाल्ली होती आणि आता ती जावेकडे बघत होती तसं माझ्या विद्यार्थिनींनी माझ्याकडे कधी बघितलेलं नाही.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी लाज न बाळगता सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला वाटलं, हे माझं होतं. मोड कसे आणायचे, गहू सोडून ज्वारी का खायची, हे सगळं मी शिकले, मी शिकवलं, माझ्या नावापुढे पदवी लागली. आणि लोकांनी ते खाल्लं हिच्या हातचं.

मदतनीस फाटकाबाहेर हातगाड्या किती आहेत ते मोजायला गेली. त्या वेळात जावेनं मागच्या कोपऱ्यातल्या छोट्या शेगडीवर कढई ठेवली. मी वह्या आवरत होते, माझं लक्ष नव्हतं. वास आला तेव्हा मान वर केली. गूळ, वेलदोडा, गरम तेल. तिनं एक स्टीलची ताटली माझ्यापुढे ठेवली आणि वरचं झाकण काढलं. गुलगुले होते.

“कुणी नाय आता, खावा,” ती हळूच म्हणाली. “ताई, पहिल्यांदा आलात माझ्या कॅन्टीनमधी. तोंड गोड केल्याबिगर कसं पाठवू?”

गुलगुले मला किती आवडतात हे माझ्या घरी कुणाला माहीत नाही. मी तळलेलं खात नाही, असंच सगळ्यांना वाटतं आणि मीही तसंच वाटू देते. मुलीच्या वेळेला मला डोहाळे लागले होते तेव्हा ही नवीनच लग्न होऊन आली होती. मी भूक नाही म्हणून पडून राहायची, आणि ही दुपारी सगळे झोपले की कणकेत गूळ भिजवून मला चार गुलगुले तळून द्यायची. इतक्या वर्षांनी तिच्या ते लक्षात होतं. ती पाणी आणायला गेली आणि मी एक खाल्ला. मग दुसरा. तिसरा खाताना मी डोळे मिटले होते. परत आल्यावर ताटलीत दोनच उरलेले बघून ती खूश झाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

मदतनीस बाहेरून आली तेव्हा कढई शेगडीवरच होती. तिनं कढईकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“मॅडम, हे विकायला आहेत का?”

“फॉर्ममध्ये काय विचारलंय?” मी म्हणाले. “भेटीच्या दिवशी कॅन्टीनमध्ये लाल गटातला पदार्थ तयार होताना आढळला काय? हो किंवा नाही.”

“पण आपल्यासाठीच केलेत हो. सगळ्याच शाळा काहीतरी करतात. परवा जिलेबी दिली, ते आपण कुठे लिहिलं?”

“ती मुख्याध्यापकांच्या खोलीत होती. हे कॅन्टीन आहे.”

ती वजनकाटा पिशवीत भरायला लागली. तिचा पगार माझ्या सहीनं निघत नव्हता, पण तिला माझ्या हाताखाली पुढे शिकायचं होतं. मी ‘हो’वर खूण केली. त्या एका खुणेनं बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी श्रेणी लालमध्ये जाते, हे मला माहीत होतं. तो नियम फॉर्मात मीच घातला होता. कॅन्टीनवाले तपासणीपुरतं लपवतात म्हणून घातला होता, आणि ते चुकीचं नव्हतंही.

निघताना मुख्याध्यापकांनी शेरेबुक पुढे केलं. शाळेत कुणी अधिकारी आला, तपासायला कुणी आलं की त्यानं त्या मोठ्या वहीत आपला शेरा स्वतःच्या हातानं लिहायचा, ही जुनी पद्धत आहे. मी पेन उघडलं आणि सावकाश, वळणदार लिहिलं: ‘कॅन्टीन स्वच्छ आहे. तथापि आज भेटीच्या वेळी कॅन्टीनमध्ये गुलगुले हा तेलात तळलेला गोड पदार्थ तयार होताना आढळला. आदेशाचा भंग.’ खाली माझं नाव न घालता फक्त ‘तपासणी समिती’ लिहिलं. शेरा वाचून मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. जाऊ फाटकापर्यंत सोडायला आली, आणि तिला अजून काही कळलं नव्हतं. तिनं माझ्या पिशवीत उरलेले दोन गुलगुले कागदात बांधून टाकले.

घरी जाऊन मी तेही खाल्ले.

नंतरचे काही दिवस मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. शाळेनं कॅन्टीन दुसऱ्याला दिलं तेव्हा ह्यांनी जेवताना विषय काढला. “तिचं कॅन्टीन गेलं म्हणे. काहीतरी नियमात बसलं नाही.” मी म्हणाले, “नियम म्हणजे नियम.” दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचं कात्रण निघालेलं दिसलं. ते ह्यांनी काढलं असणार, ती घरी आली तर ते बघून तिला वाईट वाटू नये म्हणून. मी मात्र दूध काढताना ती मोकळी जागा बघून समाधान पावले. माणूस इतका खाली जातो आणि त्याला ते कळतही नाही, असं लोक म्हणतात. मला कळत होतं.

दुसऱ्या फेरीच्या तपासणीला मी पुन्हा त्याच शाळेत गेले. आता तिथे काचेचं एक कपाट होतं आणि त्यात पाकिटं होती. भाजलेले वेफर्स, ओट्सची बिस्किटं, बाटलीतलं फळांचं पेय. प्रत्येक पाकिटावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं, आणि सगळं आमच्या कोष्टकात बरोबर बसणारं. कढई नव्हती. शेगडी नव्हती. तेलाचा प्रश्नच नव्हता. सुट्टी झाली तशी निम्मी पोरं फाटकाबाहेर गेली. आदेशात जेवढं अंतर सांगितलंय, ते मोजून त्याच्या पलीकडे दोन हातगाड्या उभ्या होत्या आणि तिथे सामोसे तळत होते. मला मागच्या वेळची ती काकडी खाणारी पोरगी दिसली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेला सामोसा होता. माझ्या मदतनीस मुलीनं कचऱ्याचा डबा तपासला. पाकिटांनी भरला होता, अर्धी बिस्किटं तशीच.

मी फॉर्म भरला. एकेका प्रश्नाचं उत्तर खरं होतं. कॅन्टीनमध्ये लाल पदार्थ आढळला काय? नाही. तळण होते काय? नाही. घटकांची माहिती लिहिलेली आहे काय? आहे. श्रेणी हिरवी आली. मदतनीस माझ्या खांद्यावरून बघत होती. “मॅडम, पोरं काय खातात हा प्रश्न आपल्या फॉर्ममध्ये आहे का?” तिनं विचारलं. होता, नवव्या पानावर. त्याचे गुण श्रेणीत धरायचे नव्हते.

रविवारी सकाळी जाऊ आमच्या दारात उभी होती. हातात मेथीच्या दोन जुड्या आणि एक प्लास्टिकची फाईल. हे बाजारात गेले होते. ती थेट स्वयंपाकघरात आली, पाट ओढून बसली आणि इकडचं-तिकडचं काही न विचारता मेथी निवडायला लागली. फाईल तिनं ओट्यावर ठेवली होती.

“ताई, एक काम व्हतं,” ती म्हणाली. “पोरं बाहिरचं खातेत म्हनून पालकांची ओरड चाललीय. मोठे सर म्हनले, शेऱ्याचा लेखी खुलासा दे, तो वर मान्य झाला तर कॅन्टीन परत तुमच्या गटाला. मला काय असलं लिवता येत नाय. तुम्ही लिवून द्या.”

फाईलमध्ये शेरेबुकाच्या पानाची झेरॉक्स होती. मी चष्मा शोधायला गेले. चष्मा माझ्या डोक्यावरच होता. परत येऊन मी तो कागद हातात घेतला आणि काहीतरी वाचल्यासारखं केलं. वळणदार अक्षर होतं. ‘आदेशाचा भंग’ मधला भ मी खास सुंदर काढला होता.

“काय लिहू?” मी विचारलं. “तेल गरम होतं, पण काही तळलं नव्हतं, असं लिहिता येईल. तपासणाऱ्यांचा गैरसमज झाला, असंही लिहिता येईल.”

“नाय नाय. तळले व्हते की. खोटं कशापायी लिवायचं?” ती मेथीच्या काड्या बाजूला करत म्हणाली. “तुम्ही लिवलं ते खरंच हाय. पर कुनासाठी तळले, तेवढं लिवायचं राहिलं बगा.”

मी कागद खाली ठेवला. “शेरा त्या मुलीनं नाही, मी लिहिला, हे तुला माहीत होतं?”

“अक्षर वळखू येतं ना, ताई. रोज डब्यांवर बघत व्हते.”

आवाजात राग नव्हता. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडायला मी कमी नाही, मी नियम सांगितले असते, तिला गप्प केलं असतं. ती मेथी निवडत होती. मी विचारलं, “मग माझ्याकडेच का आलीस?” त्यावर तिनं पहिल्यांदा हात थांबवले.

“दुसरं कुनाला ठाव हाय ते?” ती म्हणाली. “तिथं आपन दोघीच व्हतो. मी सांगितलं तर कोन ऐकतंय. मला लई राग आला व्हता तुमचा, महिनाभर तोंड बघू वाटत नव्हतं. पर पोरं उपाशी राहायलीत, ताई. सकाळी घरून चहा-बिस्किटावर येतेत ती. राग घेऊन बसू का?”

मला त्या वेळी तिचा जितका हेवा वाटला, तितका पेपरातल्या फोटोचाही वाटला नव्हता. राग येऊनही तिला तो बाजूला ठेवता येत होता. मी माझा इतकी वर्षं जपला, आणि त्याला ऊबही दिली.

मी कोरा कागद घेतला. वर तारीख घातली, विषय लिहिला, आणि तिच्या वतीनं खुलासा लिहायला लागले. ‘सदर गुलगुले विक्रीसाठी नव्हते. तपासणीस आलेल्या मॅडम माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत. त्या माझ्या कॅन्टीनमध्ये पहिल्यांदाच आल्या म्हणून त्यांच्यासाठी केले होते. आमचे नाते नाही अशी जी नोंद तपासणीच्या फॉर्मवर आहे, ती खरी नाही.’ लिहिताना मला पुढचं सगळं दिसत होतं. समितीत माझं नाव राहणार नव्हतं. प्राचार्य खोलीत बोलावणार होते. मदतनीस मुलगी मान खाली घालून माझ्यासमोरून जाणार होती. शेवटच्या ओळीनंतर मी दुसरा कागद घेतला आणि त्यावर हेच सगळं माझ्या नावानं लिहिलं, माझ्या सहीनं.

तिनं ओठ हलवत दोन्ही कागद वाचले. तिला वेळ लागला. वाचून झाल्यावर ती हसली.

“ते तीन खाल्ले, ते तेवढं नका लिवू, ताई,” ती म्हणाली. “कॉलेजात हसतील तुम्हाला.”

तिनं मेथीची परात उचलून नळाखाली धरली. मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि माझ्या कागदावर सहीच्या वर जी थोडी जागा उरली होती तिथे, नेहमीच्याच अक्षरात लिहिलं की मी तिथे तीन खाल्ले आणि घरी नेऊन दोन.